जाळ्याचा वाटा गेला कुठे?



रापण किनाऱ्याला लागली की वाटे पडतात, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. त्या वाट्यांत एक वाटा असा असतो की तो कोणाही माणसाचा नसतो. तो जाळ्याचा असतो, होडीचा असतो. जाळ्याला पोट नाही, होडीला पोरेबाळे नाहीत. तरी तो वाटा बाजूला काढावाच लागतो. कारण तो खाल्ला, तर पुढच्या मोसमात फाटक्या जाळ्यातून मासळी निसटणार आणि सगळ्यांच्याच चुली विझणार. आमच्या जुन्या गावकारीतही हाच न्याय होता. खाजनाच्या उत्पन्नातून आधी बांध आणि मानशीची डागडुजी, गावाचा आणि देवळाचा खर्च, आणि मग जे उरेल त्यातून गावकाराची झोण. बांध आधी, माणूस मागून. ज्यांना शहरातले लोक अडाणी म्हणत आले, त्या आपल्या पूर्वजांना एवढे अर्थशास्त्र पक्के ठाऊक होते.

आज मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या कारभाऱ्यांना हेच अर्थशास्त्र समजेनासे झाले आहे. जमिनीच्या पोटातून संपत्ती उपसायची, त्या पैशावर शहर फुगवायचे, त्याला 'विकास' म्हणायचे आणि ज्या गावाची जमीन गेली, ज्या नदीची मासळी गेली, त्यांच्या नावाचा वाटा काढला असल्याची नुसती कागदावर नोंद ठेवायची! हा कारभार कसा चालतो ते समजून घ्यायचे असेल, तर आपण क्षणभर आपल्या लोहखनिजाच्या डोंगरांवरून नजर काढून तेलंगणातल्या मंचेरियल शहराकडे पाहू. आपल्याकडे खनिज, तिकडे कोळसा. पण कायदा एकच, आणि दुखणेही एकच.

मंचेरियल हे गोदावरीच्या डाव्या तीरावरचे शहर. गोदावरी आपल्याला परकी नाही. त्र्यंबकेश्वरला उगम पावून, नाशिक, पैठण, नांदेड करीत ती तेलंगणात उतरते आणि बासरच्या सरस्वतीला वळसा घालून पुढे मंचेरियलपाशी येते. हा सगळा मुलूख पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि त्या जिल्ह्याच्या उत्तर भागात आजही मराठी बोलणारी गावे आहेत. काझीपेठहून बल्लारपूरकडे जाणारा लोहमार्ग मंचेरियलवरून जातो. 11 ऑक्टोबर 2016 रोजी तेलंगणाने जिल्ह्यांची फेररचना केली तेव्हा मंचेरियल हे स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले.

या शहराचा पोशिंदा कोण? कोळसा. सिंगरेणी कोलियरीज ही ती कोळशाची कंपनी. तिचा जन्म 1886 सालचा, इंग्लंडात नोंदलेल्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीच्या नावाने; 1920 मध्ये सिंगरेणी हे नाव पडले; 1945 मध्ये निजाम सरकारने तिचे बहुसंख्य भाग विकत घेतले. आज तिच्यात तेलंगण सरकारचा हिस्सा 51 टक्के आणि केंद्र सरकारचा 49 टक्के आहे. म्हणजे मालक कोणी शेठ-सावकार नाही, जनताच मालक! मंदमर्री आणि श्रीरामपूर हे तिचे मोठे विभाग याच जिल्ह्यात आहेत. 2023-24 या वर्षात साऱ्या सिंगरेणीने मिळून सुमारे 7 कोटी टन कोळसा काढला. जिल्ह्यातल्याच जयपूर मंडळात कंपनीचे 1200 मेगावॅटचे वीजकेंद्रही धगधगत आहे.

आता फळ्यावर साधे गणित मांडू. खाणीतून 100 रुपये मूळ किमतीचा कोळसा निघाला. त्यावर 14 टक्के स्वामित्वधन, म्हणजे 14 रुपये, राज्य सरकारच्या तिजोरीत जातात. 2015 साली केंद्राने खाण कायद्यात दुरुस्ती केली आणि प्रत्येक खाणजिल्ह्यात 'जिल्हा खनिज प्रतिष्ठान' नावाचा न्यास उभारण्यास सांगितले. 12 जानेवारी 2015 पूर्वीच्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या 30 टक्के इतकी जादा रक्कम या न्यासात भरायची. 14 रुपयांचे 30 टक्के किती? 4 रुपये 20 पैसे. शंभरातले हे 4 रुपये 20 पैसे म्हणजेच बंधूंनो, जाळ्याचा वाटा. खाणीने ज्याचे नुकसान केले त्या माणसासाठी आणि त्या मातीसाठी कायद्याने बाजूला काढलेला वाटा. बाकीच्या पैशावर कंपनीचा, राज्याचा, केंद्राचा आणि व्यापाराचा हक्क सांगता येईल; या 4 रुपये 20 पैशांवर नाही.

कंपनी स्वतःच्या घरी हा न्याय कसा पाळते तेही पाहा. 2023-24 या वर्षाचा तिचा निव्वळ नफा 4,701 कोटी रुपये. त्यातले 2,289 कोटी तिने नव्या खाणी व नव्या प्रकल्पांसाठी राखून ठेवले, आणि उरलेल्या 2,412 कोटींपैकी 33 टक्के, म्हणजे 796 कोटी, कायम कामगारांना वाटले. कामगारांना नफ्यात वाटा देणारी ही कंपनी त्याबद्दल अभिनंदनास पात्र आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पण त्याच वर्षी कंत्राटी मजुराच्या हातावर किती पडले? माणशी 5 हजार रुपये! कायम कामगाराला सरासरी 1 लाख 90 हजार, आणि त्याच धुळीत, त्याच खड्ड्यात राबणाऱ्या कंत्राट्याला 5 हजार. तेही पहिल्यांदाच दिले म्हणून मोठे कौतुक झाले. शिवाय नव्वदीच्या सुरुवातीला या कंपनीत लाखाहून अधिक कायम कामगार होते. ते आता चाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. जमिनीखालच्या खाणीला माणसे लागत. आता बहुतेक कोळसा उघड्या खाणीतून, यंत्राने निघतो. उघड्या खाणीला माणसे थोडी लागतात आणि जमीन मात्र अफाट लागते. म्हणजे वाटा घेणारे हात कमी झाले आणि जमीन गमावणारी गावे वाढली!

या गावांचे काय होते, हे आपल्या डिचोली-सत्तरीच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. सुरुंगाने भिंतींना तडे, विहिरींचे पाणी खोल, पिकावर धूळ, आणि गावाच्या उशाशी मातीचे उपरे डोंगर. श्रीरामपूर, इंदाराम, रामकृष्णापूर ही तिकडची नावे. आपल्याकडे शिरगाव, पिसुर्ले म्हणा. तिकडची धूळ काळी, आपला गाळ तांबडा, एवढाच काय तो फरक.

नदीची कथा तर याहून कडू आहे. मंचेरियलच्या वरच्या अंगाला गोदावरीवर श्रीपाद येल्लमपल्ली धरण आहे, 20 टी.एम.सी. साठ्याचे, एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्या पाण्याखाली हाजीपूर आणि लक्सेटीपेट भागातली गावे व शेते गेली. आणि पाणी कुठे गेले? 2015 पासून या जलाशयातून हैदराबाद शहरासाठी दररोज 17 कोटी 20 लाख गॅलन, म्हणजे सुमारे 78 कोटी लिटर पाणी, नळाने नेण्याची योजना सुरू झाली. तहानलेल्या शहराला पाणी देऊ नये असे कोणी माणुसकीचा माणूस म्हणणार नाही. पण आयजीच्या जिवावर बायजी उदार झाली, तर निदान आयजीचे नाव तरी घ्यावे! गावे बुडाली तीरावरच्यांची आणि नळ आले राजधानीत.

खालच्या अंगाला काळेश्वरम योजनेचे सुंदिल्ला, अन्नाराम आणि मेडिगड्डा हे बंधारे. मेडिगड्डाचे उद्घाटन 21 जून 2019 रोजी थाटात झाले. 21 ऑक्टोबर 2023 रोजी त्याचे खांब खचले. दरम्यानच्या पावसाळ्यांत या बंधाऱ्यांच्या फुगवट्याने जिल्ह्यातल्या चेन्नूर भागातली शेते पाण्याखाली गेली, आणि प्राणहिता-गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर, आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्यात, मराठी मुलखातल्या शेतकऱ्यांनाही तोच मार बसला. भरपाईसाठी त्यांना उपोषणाला बसावे लागले. नदीवर जगणाऱ्या मच्छीमाराची तर गोष्टच वेगळी. शेतकऱ्याच्या नावे सातबारा असतो, भरपाई मागायला कागद तरी असतो. पाण्यावरच्या हक्काचा सातबारा कोणत्या तलाठ्याकडे मिळतो? म्हणून बुडालेल्या शेताचा पंचनामा होतो. बुडालेल्या मासेमारीचा पंचनामा करायला कोणी येत नाही.

आता शहराकडे वळू. शहर वाढले यात शंका नाही. 2011 च्या जनगणनेत मंचेरियल नगरपालिकेची वस्ती नव्वद हजारांच्या आत होती. पुढे जिल्ह्याचे ठिकाण झाले, कचेऱ्या आल्या, 2022 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. ही चांगलीच गोष्ट झाली. खेड्यातल्या पोराला डॉक्टर व्हायचा रस्ता जवळ झाला. पण सार्वजनिक पैसा कसा घातला जातो याचा एक धडा त्याच वर्षी गोदावरीने स्वतः दिला. जुलै 2022 च्या पुरात नदीकाठी बांधलेले माता-बाल रुग्णालय पाण्यात गेले आणि बाळंतिणी-बाळांना दुसरीकडे हलवावे लागले. नदीच्या पात्रालगत रुग्णालय बांधू नये, हे कोणत्याही कोळ्याने फुकट सांगितले असते. पण कोळ्याला विचारतो कोण? आराखडे काढणारे कचेरीत, कंत्राटदार दाराशी, आणि नदी ओळखणारा माणूस कुंपणाबाहेर!

आणि आता मुख्य मुद्दा, जो नीट ध्यानात घ्या. खनिज न्यासाचा पैसा कोणत्या गावात खर्च करायचा? जानेवारी 2024 मध्ये केंद्राने सुधारलेले नियम सांगतात की खाणीपासून 15 किलोमीटरच्या आतला भाग 'प्रत्यक्ष बाधित' आणि 25 किलोमीटरपर्यंतचा 'अप्रत्यक्ष बाधित'. किमान 70 टक्के पैसा प्रत्यक्ष बाधित भागात, आणि किमान 70 टक्के पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा निकडीच्या कामांवर खर्च व्हावा. ऐकायला किती गोड! पण आता कंपास घ्या. त्याचे टोक श्रीरामपूरच्या खाणीवर ठेवा आणि 15 किलोमीटरचे वर्तुळ काढा. त्या वर्तुळात खाणीच्या कडेचे धुळीने माखलेले गाव आहे. आणि त्याच वर्तुळात चौक, दुकाने, बंगले आणि कचेऱ्या असलेले मंचेरियल शहरही आहे! कायद्याच्या दृष्टीने दोघेही सारखेच बाधित. मग वर्तुळातला पैसा उताराने कुठे वाहणार? जिथे मते दाट, जिथे कंत्राटदार दाट, जिथे फीत कापायला जागा मोठी, तिकडेच. यात कोणी कायदा मोडायची गरजच नाही. कंपासनेच काम फत्ते केले!

त्यात भर म्हणून 2025 च्या सुरुवातीला मंचेरियलची महानगरपालिका झाली. तिच्यात शेजारची नस्पूर नगरपालिका, म्हणजे श्रीरामपूर खाणींची वसाहत, आणि हाजीपूर मंडळातल्या काही ग्रामपंचायती सामील करण्यात आल्या. म्हणजे कोळशाचे गाव आणि धरणाचे गाव, दोन्ही एका फटक्यात शहराच्या पोटात गेली. नावाला बढती झाली. खेडूत 'महानगरवासी' झाला! पण हातातले काय गेले, तिकडे पाहा. गाव होते तेव्हा ग्रामसभा होती. खनिज न्यासाच्या नियमांत बाधितांच्या याद्यांसाठी ग्रामसभेला स्थान आहे आणि अनुसूचित क्षेत्रात तर तिची संमती लागते. महानगरपालिकेत ग्रामसभा नसते. तिथे प्रभागाच्या समित्या असतात. समिती ही चार माणसांची. ग्रामसभा ही अख्ख्या गावाची. कोळशाच्या धुळीने खोकणारी म्हातारी ग्रामसभेत उभी राहून अध्यक्षाला जाब विचारू शकत होती. महानगरपालिकेच्या सभागृहात तिला शिपाई आत सोडील काय?

जी गावे गावेच राहिली, त्यांची तरी काय गत झाली? तेलंगणातल्या ग्रामपंचायतींची मुदत फेब्रुवारी 2024 मध्ये संपली; पुढच्या निवडणुका व्हायला डिसेंबर 2025 उजाडला. जवळजवळ दोन वर्षे गावगाडा नेमलेल्या अधिकाऱ्यांनी हाकला. या काळात गावाचा वाटा मागायला गावाचा निवडलेला माणूसच नव्हता. रापण ओढली, मासळी किनाऱ्यावर पडली, आणि वाटे पाडताना जाळ्याच्या मालकालाच घरी पाठवले. मग हिशेब काय राहणार?

काही शहाणे विचारतील, "गुरुजी, शहर वाढले तर गावाचाच फायदा नाही का? बाजार जवळ, इस्पितळ जवळ, पोरांना नोकऱ्या जवळ." खरे आहे, आणि म्हणून शहराच्या वाढीला माझा विरोध नाही. शहराला रस्ते हवेत, गटारे हवीत, दिवे हवेत. पण ते शहराने आपल्या घरपट्टीतून, व्यापाराच्या करातून, राज्याच्या अनुदानातून करावे. राज्याला कोळशाचे 14 रुपये मिळतातच की! त्यातून शहर सजवा, कोणी अडवले आहे? गावाच्या 4 रुपये 20 पैशांना हात कशाला? घरात लग्न निघाले म्हणून कोणी कणगीतले बियाणे शिजवीत नाही.

हा केवळ एका शहराचा दोष आहे असेही नाही. देशभर या निधीवर किती जणांचा डोळा आहे ते सरकारी हुकूमच सांगतात. मार्च 2020 मध्ये महामारी आली तेव्हा न्यासांच्या शिल्लक पैशातला 30 टक्क्यांपर्यंतचा भाग तिच्यासाठी वापरायची मुभा केंद्राने दिली. संकट मोठे होते, मान्य. पण 12 जुलै 2021 रोजी केंद्राला लेखी आदेशच काढावा लागला, की न्यासाचा पैसा राज्याच्या तिजोरीत किंवा मुख्यमंत्र्यांच्या निधीत वळवू नये. कुंपण तोडून गुरे आत शिरल्यावाचून कोणी काटे घालतो काय? छत्तीसगडमधल्या कोरबा या दुसऱ्या कोळसा-जिल्ह्याच्या न्यासात घोटाळा झाल्याच्या आरोपावरून तर बड्या अधिकाऱ्याला अटक होण्यापर्यंत मजल गेली. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच नाही घडवली.

आता उपाय काय? पहिली गोष्ट म्हणजे दृष्टी बदलली पाहिजे. शेतातले भात दरवर्षी पिकते. ते उत्पन्न आहे. कोळसा आणि लोहखनिज पुन्हा पिकत नाही. ते मुद्दल आहे. मुद्दल विकून आलेला पैसा उत्पन्न म्हणून उडवणारा वारस आपल्या गावात काय म्हणवून घेतो, ते आपण जाणतो. नॉर्वे हा समुद्रावर जगणाऱ्या मच्छीमारांचा छोटा देश. त्याच्या समुद्राखाली तेल सापडले, तेव्हा त्याने 1990 साली कायदा करून तेलाच्या पैशाचा कायमचा निधी उभारला. मुद्दलाला हात न लावता फक्त अपेक्षित उत्पन्नाइतकेच, आज सुमारे 3 टक्के, खर्चायचे असा त्यांचा दंडक आहे. तेल संपेल त्या दिवशीही तिथल्या नातवंडांचा वाटा शिल्लक राहील.

आपल्याकडेही 21 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या खाणींच्या खटल्यात हेच तत्त्व सांगितले आणि लोहखनिजाच्या विक्रीच्या 10 टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी उभारायला लावला. 2024 च्या नव्या नियमांतही न्यासाच्या वार्षिक जमेचा 10 टक्क्यांपर्यंतचा भाग खाणी संपल्यानंतरच्या दिवसांसाठी राखता येतो. राखता 'येतो', राखलाच पाहिजे असे नाही. कायद्यातल्या या एका क्रियापदावर सगळा खेळ आहे!

आणि गोव्याच्या बंधूंनो, आपले गणित तर मंचेरियलपेक्षाही बिकट होऊ घातले आहे. लोहखनिजावर स्वामित्वधन 15 टक्के. जुन्या पट्ट्यांच्या हिशेबाने न्यासाचा वाटा शंभरी 4 रुपये 50 पैसे होता. पण लिलावाने दिलेल्या पट्ट्यांना 30 नव्हे तर 10 टक्केच भरावे लागतात, म्हणजे शंभरी अवघा दीड रुपया. डिसेंबर 2022 पासून आपल्याकडे लिलाव सुरू झाले. लिलावाची घसघशीत बोली राज्याच्या तिजोरीत जाते आणि गावाचा वाटा साडेचारावरून दीडावर येतो. तांबडा गाळ मात्र पूर्वीइतकाच शेतात उतरतो, आणि नदीतून खाडीत येतो!

म्हणून प्रत्येक खाणगावाने, मग ते गोदावरीकाठचे असो की मांडवीकाठचे, तीन गोष्टी मागाव्यात. एक, न्यासात गावामुळे किती जमा झाले आणि गावात किती खर्चले, हे आकडे दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावेत; संगणकावर कुठेतरी आहेत असे सांगून बोळवण नको. दोन, कंपासच्या वर्तुळाआधी नुकसानीची यादी धरावी: ज्याची जमीन गेली, ज्याची विहीर आटली, ज्याच्या जाळ्यात मासा येईनासा झाला, तो पहिला, चौकातला कारंजा शेवटचा. तीन, दहावा हिस्सा कायमचा राखावा आणि त्याला कोणाही मंत्र्याचा हात लागू नये. गाव शहरात सामील केले, तरी हे तिन्ही हक्क त्या वस्तीसोबत गेले पाहिजेत.

हे मागायला कोणी पुढारी येणार नाही. ज्यांची फीत कापायची हौस गावाच्या पैशावर भागते, ते गावाला हिशेब मागायला शिकवतील कशाला? पुढच्या ग्रामसभेला घरचा एक तरी माणूस, शक्यतो घरची बाई, गेलीच पाहिजे. तिने एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याखेरीज जागेवरून हलू नये: "आमच्या जाळ्याचा वाटा किती होता, आणि तो गेला कुठे?"